माझ्याबद्दल लिहिलं जात होतं

मला वेड लागलं तेव्हा घरातल्या कुणालाच ते कळलं नाही, कारण माझं म्हणणं सगळ्यांना पटलं. आणीबाणीचं दुसरं वर्ष होतं. पोलीस आपल्या मागावर आहेत असं एखाद्या नोकरदार माणसाने दबक्या आवाजात सांगितलं, तर त्या दिवसांत कुणी त्याला डॉक्टरकडे नेत नसे. दार लावून घेत.

मी समुद्रपूरच्या एका शाळेत मराठी आणि इतिहास शिकवत होतो. एकदा शिस्तीवर भाषण द्यायला एक मोठे अधिकारी यायचे होते. फुलांची कमान उभारली, पोरांना दोन तास उन्हात उभं केलं. शिक्षकांच्या खोलीत मी म्हणालो, "शिस्त आली हे मात्र खरं. पूर्वी साहेब केव्हाही उशिरा येत. आता अगदी वेळेवर उशिरा येतात." सगळे हसले. ड्रिलचे मास्तर हसले नाहीत. त्यांची दाढ दुखत होती, हे मला पुढे वर्षभराने कळलं.

सुरुवात इतकीच. त्या रात्रीपासून झोप गेली. आठवडाभरात माझी खात्री झाली की ते वाक्य वर पोचलं आहे, त्याची फाईल झाली आहे, आणि आता माझं प्रत्येक वाक्य कुणी तरी लिहून घेत आहे. हा भ्रम मास्तरकी करणाऱ्याला व्हावा यासारखी गैरसोय नाही. शाळेत सगळेच लिहीत असतात. चाळीस पोरं खाली मान घालून माझं बोलणं उतरवून घेत, आणि माझ्या पाठीवरून घामाची धार उतरे. एस.टी.चा कंडक्टर कानावरची पेन्सिल काढी, की मी पुढच्या थांब्यावर उतरून चालत जाई.

आमची मुलगी तिसरीत होती. मी तिला घरात लिहायची बंदी केली. ती पाटी घेऊन शेजारच्यांच्या ओट्यावर गृहपाठ करायची आणि येताना पाटी पुसून आणायची. बाकी बरंच विसरलो, पण ती पुसलेली पाटी अजून डोळ्यांसमोर येते.

बैलांच्या कोठ्यात

माझी बायको मालती हिंगणीची. तिचे थोरले भाऊ बापूराव तिथे शेती करतात. धरणाच्या बाजूला, जंगलाला लागून त्यांचं वावर आहे. मालतीने सगळं सांगितल्यावर ते दुसऱ्याच दिवशी आले, माझं बोलणं लक्षपूर्वक ऐकलं आणि म्हणाले, "जवाईबापू, तुमी आमच्या कोठ्यात राहा. तिथं मानूस काय, फॉरेस्टवाला बी येत नाई. कोनी इचारलं तर मी पाहून घेतो."

बैलांच्या त्या कोठ्यात मी सतरा दिवस काढले. भीती वाटणाऱ्या माणसाला लपवून ठेवलं की त्याची भीती कमी होईल, असं त्या भल्या माणसाला वाटलं. झालं उलटंच. मला लपवलं जात आहे, याचा अर्थ शोधणारा कुणी तरी आहेच. पान हललं तरी मी कडब्याच्या गंजीमागे जाई. बापूराव भाकरी घेऊन येत, तेही वाकून, इकडेतिकडे पाहत. ते इतक्या मनापासून माझ्या बाजूने होते की त्यांची चाल पाहूनच मी पुन्हा गंजीमागे जाई.

शेवटी त्यांनी ओळखीच्या एका शिपायाला आडून विचारलं. माझ्या नावाचा कागद कुठेच नव्हता. असं सरळ सांगितलं तर मला पटणार नाही म्हणून त्यांनी स्वतःच्या डोक्याने एक सोपी युक्ती काढली. कोठ्यात येऊन माझ्या कानाशी लागून म्हणाले, "फाईल होती. म्या बंद कराले लावली. आता काई भेव नाई."

म्हणजे फाईल होती तर! इतके दिवस माझ्याच मनाचा एक कोपरा कुरकुरत होता की हे सगळं खोटं असावं. तो कोपरा त्या क्षणी गप्प झाला. ज्यांच्या घरी असं आजारपण आहे, त्यांना मी एवढंच सांगेन की असं चांगल्या मनाने खोटं बोलू नका. आम्ही ते खोटं फार जपून ठेवतो.

त्यानंतर मी जेवण सोडलं. अन्नात खरं बोलायला लावणारं औषध घालतात असं माझ्या मनाने घेतलं. मालतीने स्वतःच्या हाताने केलेली भाकरीही मी बैलांपुढे टाकली. बैल ती खाऊन काहीच बोलले नाहीत, पण तेवढ्याने माझं समाधान होईना.

निदान

वर्ध्याजवळच्या एका मोठ्या दवाखान्यात मनाच्या आजारांसाठी बारा खाटांची वेगळी खोली होती. तिथे मला बैलगाडीने, मग एस.टी.ने आणि शेवटचा फर्लांगभर दोन्ही दंड धरून नेलं. डॉक्टरांनी तासभर विचारपूस केली. मी उत्तरं दिली नाहीत, कारण ते लिहीत होते. मग त्यांनी मालतीला समोर बसवून सांगितलं की हा संशयाचा आजार आहे, औषधाने बरा होतो, पण औषध पोटात जायला हवं.

"म्हंजे पोलिस येनार नाईत?" तिने विचारलं.

"नाही. कुणीच येणार नव्हतं."

यावर ती रडू लागली. मला वाटलं, हिचा डाव उघडा पडला म्हणून रडते. ती बापूरावांना म्हणाली, "पोलिस असते तर सोडवून तरी आनता आलं असतं, दादा."

हे वाक्य कळायला मला तीन महिने लागले.

वॉर्डातले दिवस

सकाळी सहाला चहा, आठला औषधाची गाडी, नऊला मोठ्या डॉक्टरांची फेरी. फेरी म्हणजे वरातच. पुढे ते, मागे पांढऱ्या कोटांची रांग, सगळ्यांत शेवटी जाडजूड पुस्तक छातीशी धरलेला एक जण. ते कधीच उघडलं गेलं नाही. एकेका खाटेपाशी अर्धं मिनिट थांबून वरात पुढे सरके. मी पांघरुणाच्या भोकातून पाहायचो आणि किती जणांनी काय लिहिलं ते मोजायचो.

मी फक्त केळी खात होतो. केळ्याला साल असते आणि ती मी स्वतः सोलतो, त्यामुळे त्यात कुणी काही घालू शकत नाही, असा माझा शास्त्रीय निष्कर्ष होता. गोळ्या मी जिभेखाली धरून खिडकीबाहेर टाकत होतो. मालती खाटेखाली सतरंजीवर झोपायची. पहिल्या दिवसांत ती विनवायची, मग रागवायची, मग नुसती बसून राहायची.

दहाव्या दिवशी मोठे डॉक्टर तिला म्हणाले की औषध न घेणाऱ्याला इथे फार दिवस ठेवता येत नाही. शुक्रवारपर्यंत पाहू, नाही तर नागपूरला पाठवावं लागेल. नागपूर म्हणजे वेड्यांचं इस्पितळ, हे आमच्या भागात लहान पोरालाही माहीत होतं. भांडणात लोक एकमेकांना तिथलाच पत्ता देत. तिथे गेलेला माणूस परत आला तरी त्याचं नाव परत येत नाही, असं सगळे समजत. मी ते पांघरुणाखाली ऐकलं. औषध घेतलं तर मी सगळं बोलून जाणार. नाही घेतलं तर नागपूर. दोन्हीकडून दार बंद होतं आणि मधे मी आणि माझी केळी.

प्रमिला

त्याच सुमारास नर्सिंग शिकणाऱ्या मुलींची तुकडी या वॉर्डात आली. माझ्या वाट्याला प्रमिला आली. तळेगावच्या शेतकऱ्याची मुलगी, शेवटच्या वर्षाला होती. कडक इस्त्रीचा गणवेश, आणि त्यात अवघडून उभी असलेली ती.

पहिल्या दिवशी स्टूल ओढून म्हणाली, "सर, मी दहा मिनिटं बसते. तुमाले बोलाचं नसन तर नका बोलू. मग मी जाते, उद्या दहा वाजता परत येते."

मी बोललो नाही. ती दहा मिनिटं बसली. ना समजूत काढली, ना देवाचं नाव घ्यायला सांगितलं. घड्याळ पाहून उठली आणि गेली. दुसऱ्या दिवशी दहाच्या ठोक्याला हजर. त्या महिन्याभरात सगळ्यांनी मला काही ना काही सांगितलं होतं. सांगितल्या वेळी नुसतं येऊन दाखवणारी ही पहिलीच. आता भीती इतकीच वाटली की ही फार हुशार असावी.

तिसऱ्या दिवशी ती गेल्यावर मी खिडकीतून पाहिलं. व्हरांड्यात भिंतीला टेकून ती एका वहीत भराभर लिहीत होती. थांबायची, आठवायची, पुन्हा लिहायची. मधेच माझ्या खिडकीकडे पाहायची.

त्या क्षणाचं वर्णन करणं अवघड आहे. बुडणाऱ्या माणसाच्या पायाला तळ लागावा, पण तो तळ हलावा, तसं काही तरी झालं. मी खिडकीपासून हटून खाटेवर पडलो. मालतीने कपाळाला हात लावला तर मी तो झिडकारला. दुसऱ्या दिवशी दहा वाजता प्रमिला बसायच्या आतच मी विचारलं. वॉर्डात आल्यापासून उच्चारलेलं माझं ते पहिलं पूर्ण वाक्य होतं.

"तुम्ही माझ्याबद्दल लिहिता?"

तिचा चेहरा उतरला. मालती पटकन म्हणाली, "नाई हो, कोन लिहिते तुमच्याबद्दल?"

प्रमिलाने एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिलं. "हो सर," ती म्हणाली. "तुमच्याबद्दलच लिहिते." आणि स्टुलावर न बसताच निघून गेली.

मी केळीही सोडली.

गुरुवार

मालतीने व्हरांड्यात प्रमिलाला काय काय सुनावलं ते मी ऐकत होतो. शेतकऱ्याच्या पोरी शिकल्या की अक्कल घरी ठेवून येतात, इथपर्यंत गेलं. प्रमिला तोंड फिरवून ऐकत राहिली. बुधवारी बापूराव मुक्कामाला आले. त्यांनी पुन्हा आपला जुनाच उपाय सुचवला: वही जाळली म्हणून सांगू. ते ऐकून मालती प्रमिलासमोरच त्यांच्यावर उसळली, "दादा, फाईल बी तुमीच बंद केली ना? पाहा मंग काय झालं ते." बापूराव बराच वेळ टोपीची घडी घालत बसले. त्या माणसाने मला सतरा दिवस जिवापाड सांभाळलं होतं, आणि आपल्याच हाताने हे झालं असं त्याला त्या दिवशी वाटलं असणार. मला मात्र तेव्हा त्यांची टोपीसुद्धा संशयास्पद वाटत होती.

गुरुवारी सकाळी प्रमिलाच्या शिक्षिका आल्या. केरळच्या, पन्नाशीच्या, हिंदीच्या आधाराने मराठी चालवणाऱ्या. मागे प्रमिला, छातीशी वही. बाईंनी वरातीसारखं लांबून पाहिलं नाही. खाटेच्या कडेला बसल्या आणि म्हणाल्या की ही वही रोग्यांना दाखवायची नसते, असा आमचा नेम आहे. पण हिने तुम्हाला अर्धंच खरं सांगितलं आणि अर्धं खरं फार वाईट. उरलेलं तुम्ही वाचा.

मालती म्हणाली, "नका देऊ, बाई. उद्या नागपूरले न्याचं म्हंतात. आनखी बिघडनार."

"बिघडेगा तो मैं यहाँ बैठी हूँ," बाई म्हणाल्या आणि खरंच बसून राहिल्या.

मी वही घेतली. पानावर तीन रकाने आखले होते. पहिला: रोगी काय म्हणाला. दुसरा: मी काय म्हणाले. तिसरा: तेव्हा मला काय वाटलं.

पहिल्या दिवशीच्या पहिल्या रकान्यात लिहिलं होतं, "काही नाही." दुसऱ्यात तिची दोन वाक्यं. तिसऱ्यात: "रोगी पांघरुणातून पाहत होते. मला भीती वाटली. दहा मिनिटं फार वाटली. घड्याळ बंद पडलं असं वाटलं."

दुसरा दिवस. "काही नाही." तिसऱ्या रकान्यात: "आज भीती कमी. पण त्यांना माझ्यापेक्षा जास्त वाटत असेल असं मनात आलं. काय बोलावं सुचलं नाही."

आणि शेवटचं पान. "रोगी म्हणाले, तुम्ही माझ्याबद्दल लिहिता? मी म्हणाले, हो. मला काय वाटलं: खोटं बोलावंसं वाटलं. मालतीताई बोलल्या तसं बोलावंसं वाटलं. पाय कापत होते. माझ्यामुळे त्यांना नागपूरला नेलं तर?"

खाली लाल शाईत बाईंचा शेरा होता: "खोटं बोलली नाहीस ते ठीक. पण खरं सांगून निघून आलीस. बसायला हवं होतं." आणि गुण: वीसपैकी अकरा.

मी ते अकरा बराच वेळ पाहत राहिलो. जन्मभर लाल शाईने दुसऱ्यांच्या वह्या रंगवलेला माणूस मी. ही शाई मला ओळखता येते. ज्या हेरखात्यात हेराला घरचा अभ्यास असतो आणि तो तपासून वर अकरा गुण देतात, ते खातं मला पकडणार तरी कधी?

इथे मला प्रामाणिक राहायला हवं. वही वाचून भ्रम गेला नाही. असा एका झटक्यात तो जात नाही. वही खोटी बनवली असेल, हा विचारही पाच मिनिटांत येऊन गेला. पण तिसरा रकाना बनवायचं कुणाला सुचेल? माझ्या मनात माझ्याबद्दल लिहिणारे जे कुणी होते, ते सगळे शांत होते, थंड होते, सगळं जाणणारे होते. त्यांचे पाय कधी कापले नव्हते.

"तुम्हाला भीती वाटते?" मी प्रमिलाला विचारलं.

"वाटते ना सर. आता बी वाटून राह्यली."

"मलाही," मी म्हणालो. तोवर ते मी कुणाला सांगितलं नव्हतं. पोलीस, फाईल, अन्न, सगळं सांगितलं होतं. एवढं राहिलं होतं.

ती या वेळी उठून गेली नाही. थोड्या वेळाने तिने गोळी तळहातावर ठेवून दाखवली. तोंड कोरडं पडेल, झोप येईल, हातपाय जड वाटतील, असं सरळ सांगितलं. मी विचारलं, ही घेतल्यावर माणूस खरं बोलायला लागतो का?

"नाई सर," ती म्हणाली. "आमच्या वॉर्डात सगळेच घेतात. बापूरावकाकांइतकंच खरं बोलतात."

बापूराव पहिल्यांदा हसले. मी गोळी गिळली. विश्वास बसला म्हणून गिळली असं नाही. फार थकलो होतो, आणि माझ्याइतकंच घाबरलेलं कुणी समोर बसलं होतं. शुक्रवारी वरात आली, थांबली, आणि नागपूरचं नाव न काढता पुढे गेली.

नंतर

बरं होणं हे काही पाहण्यासारखं नसतं. सहा आठवडे मी लाकडी बाहुल्यासारखा चालत होतो, तोंडाला कोरड आणि जिभेला गाठ. संशय निघून गेला नाही, आधी नुसता कंटाळवाणा झाला. मग एक दिवस लक्षात आलं की सकाळपासून आपण कुणाचे लिहिते हात मोजले नाहीत. शाळेत परतलो तेव्हा मुख्याध्यापकांनी शाल, श्रीफळ आणि भाषण असा घाट घातला. प्रकृतीला आराम पडल्याबद्दल सत्कार झालेला माझ्या माहितीतला मी एकटाच. मुलगी पुन्हा घरात लिहू लागली. पहिले काही दिवस माझ्याकडे पाहून मगच पेन्सिल टेकवायची.

मालतीने त्या वॉर्डातून एक गोष्ट उचलली, आणि ती मी एवढी पुस्तकं वाचून कधी उचलली नसती. तिथल्या बाई मुलींना शिकवत की रोग्याच्या भ्रमाशी वाद घालू नका, आणि त्याला होही म्हणू नका. जे दिसतं ते सांगा, जे दिसत नाही तेही सांगा, आणि त्याची भीती खरी आहे हे विसरू नका. वाचायला दोन ओळी आहेत. घरात पाळायला फार कठीण.

आठ वर्षांनी ते पुन्हा आलं. गोळ्या मी आपल्या हुशारीने बंद केल्या होत्या. एका सकाळी पोस्टमन आमच्या फाटकापाशी दोनदा थांबला आणि पिशवीतून कागद काढून काही तरी खरडून गेला. मला ओळखीचा घाम फुटला. मी आत जाऊन मालतीला म्हणालो की बाहेर कुणी तरी आहे.

ती पीठ मळत होती. हात धुतले, फाटकापर्यंत गेली, दोन्ही बाजूंना नीट पाहिलं आणि परत आली.

"मले कोनी दिसलं नाई," ती म्हणाली. "पन तुमाले भेव लागून राह्यलं, ते दिसते. कधीपासून?"

"नऊ दिवस."

ती रागावली नाही. नऊ दिवस काऊन नाही सांगितलं, असंही विचारलं नाही. पदराने हात पुसत म्हणाली की साडेअकराची वर्ध्याची गाडी मिळेल, मीही येते.

मी म्हणालो, "स्टँडवर कुणी लिहून घेतलं तर?"

ती पिशवी भरू लागली.

"घेतीन तर घेऊ द्या. दवाखान्यात गेले, असंच लिहितीन ना?"

मी चपला घातल्या.